घारीची पाठ

अकरा वर्षं सकाळी आठला
फोनवर नुसता आवाज यायचा.
"कवठदरा. बेचाळीस."
"कवठदरा. सहा पूर्णांक दोन."
आणि बहुतेक दिवशी, "निरंक, मॅडम."
मी बीडच्या कार्यालयात
चहाचा पेला बाजूला सारून
आकडा रकान्यात बसवायची.

यंदा तिथं यंत्र आलं.
खांबावर असतं, आपला आपण पाऊस मोजतं,
आपला आपण कळवतं.
जुनं मोजपात्र ताब्यात घ्यायला, पावतीवर सही घ्यायला
भादव्यात गेले,
तेव्हा गहिनीनाथ सानप पहिल्यांदा दिसले.
आवाजापेक्षा बुटके.
पात्र राखेनं घासून फडक्यात गुंडाळून ठेवलेलं,
जशी परत पाठवायची भांडी ठेवतात.

"सही करतो की. पण आधी चला,
तुम्ही लिहिलेला पाऊस कुठं जातो ते दावतो."
किती लांब?
"शेळी बसून, रवंथ करून उठंल एवढंच."

बाजरीच्या कडेनं, मग तरवडाच्या पिवळ्यातून वाट.
वाट कसली,
कधीतरी कुणी गेल्याची गवताला आठवण.
साडीच्या काठाला कुसळं शिवत गेली.
डाव्या हाताला ओढा, दिसेना, पण सोबतीला.

पहिली धार कमरेएवढी.
"ही सहा-सातवाली. एवढ्याशा पावसानंबी बोलती."
दुसरी मुकी. शेवाळावरून अंग चोरत उतरते;
तिच्यामागच्या कपारीत एक खेकडा
नांगी बाहेर काढून आमच्याकडे बघत होता,
तपासणीला आल्यासारखा.
"पडायलीय का नाही ते हात लावूनच बघायचं."
मी हात लावला.
पडत होती.

मग जमीन संपली.
"आता पालथं व्हा, मॅडम."
मी वरिष्ठ लिपिक, वय त्रेपन्न, गुडघ्याला पट्टा.
"उभ्यानं नको. खडक खाली कललाय."
पदर खोचला, पर्स त्यांच्याकडे दिली,
झाले पालथी. हनुवटी काळ्या दगडावर.
कानाआधी पोटाला ऐकू आली
तिसरी धार.

काय सांगू.
काळा थर, मधे गेरूची पट्टी, पुन्हा काळा,
आणि खूप खाली नदी,
वळणाच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा,
मधे कुठं जाते ते तिलाच ठाऊक.
धार सुटते जोरात, पण तळाला पोचतच नाही;
अर्ध्यात वारा उचलतो
आणि आमच्याच तोंडावर आणून टाकतो.
चष्मा पुसत मी विचारलं, हा कुठल्या तारखेचा?
थट्टाच होती.
ते मात्र विचारात पडले.
"सोळाचा असंल. बेचाळीसवाला."

तेवढ्यात आमच्या खालून एक घार गेली.
खालून.
आजवर घार म्हणजे पोट आणि पंखांची खालची बाजू.
ही पाठ होती. तपकिरी, थोडी विटलेली,
उजव्या पंखात एक पीस नव्हतं.
एखाद्याला अकरा वर्षं आवाजानं ओळखावं
आणि एकदम मानेवरचा तीळ दिसावा,
तसं मला लाजल्यासारखं झालं.

परतताना विचारलं,
आणि निरंकचे दिवस? ते कुठं जातात?
ते थांबले. माझी पर्स या हातातून त्या हातात घेतली.
"ते कुठं जाणार?
तुमच्याच वहीत राहिले न."

सही त्यांनी पूर्ण नावानं केली, वडलांच्या नावासकट.
बांधावरचं एक सीताफळ तोडून दिलं, दगडासारखं कच्चं.
"गव्हात ठेवा."

आज पाचवा दिवस.
आठ वाजून गेले. यंत्राचा आकडा पडद्यावर आलाय,
दशांशाच्या पुढं तीन घरं.
मी डब्याचं झाकण काढून बघते:
सीताफळाचे डोळे
उघडायलेत.